बुक्का

आमच्या देवघरातल्या दत्ताच्या तसबिरीवरची काच आधी कुणाचा तरी चेहरा होती. हे मला आत्याने सांगितलं, तेही ती काच पुसता पुसता. आजोबांचा तासगावात फोटो स्टुडिओ होता. दुसऱ्या महायुद्धात काच महागली तेव्हा त्यांनी जुन्या निगेटिव्ह प्लेटा धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात बुडवल्या. जिलेटिनचा थर सायीसारखा सुटून वर आला, खाली नितळ विलायती काच उरली आणि फ्रेमवाल्याने ती हातोहात उचलली. "अगं, गावात तेवढे देव वाढले," आत्या हसून म्हणे. मला काही हसू येत नसे.

पण आजोबांना बोल तरी काय लावायचा? गिऱ्हाईक फोटो घेऊन गेलं की प्लेट म्हणजे अडगळ. शिवाय त्यांच्या प्लेटा इलफर्डच्या, खोक्यात तयार येणाऱ्या. आधीच्या पिढीची तऱ्हा और होती. 1851 साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कलोडियनची रीत जाहीर केली आणि तीनच वर्षांत मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी त्याच काळातले फोटोग्राफर. काचेवर कलोडियन ओतायचं, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली आहे तोवर फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत धुऊन काढायची. गावाबाहेर फोटो काढायचा तर अंधारखोलीचा तंबूच सोबत न्यावा लागे. पुढे 1871 मध्ये मॅडॉक्सने जिलेटिनची कोरडी प्लेट सुचवली, तेव्हा कुठे ही धांदल संपायची वाट मोकळी झाली.

कोरड्या प्लेटेलाही एक खोड होतीच. साध्या प्लेटेला लाल रंग दिसत नसे. म्हणून तर अंधारखोलीत लाल दिवा चाले. लग्नानंतर आजोबांनी आजीचा फोटो काढला तो असल्याच प्लेटेवर. निळं लुगडं पांढुरकं आलं आणि कुंकू काळं कुट्ट. पणजीने फोटो पाहिला आणि कडाडली, "माझ्या सुनेला बुक्का कुणी लावला?" आजोबांनी रसायनशास्त्र समजावून पाहिलं. पणजीपुढे रसायनशास्त्राचं काय चालणार! दुसऱ्या दिवशी दुसरा फोटो छापून आला, त्यात कुंकू फिकट राखाडी. तो फोटो पुढे आजीच्या हयातीत भिंतीवरच होता.

फोटोग्राफर राजा दीनदयाळांच्या 2,857 काचा 1989 मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राकडे आल्या. राजेरजवाडे, दरबार, किल्ले, सगळं त्यांत आहे. आमच्याकडे आत्याच्या ट्रंकेत अकरा उरल्या होत्या. मी त्या घरी आणून एकावर एक आडव्या रचल्या, आणि वरच्यांच्या भाराने तळची तडकली. संग्रहालयांत काचा उभ्या ठेवतात, प्रत्येक वेगळ्या कागदी पाकिटात, हे मी वाचलं ते त्यानंतर. अक्कल अशीच येते, एक काच फुटल्यावर.

तडकलेली आजीची नव्हती, एवढं नशीब. आजीची प्लेट कडांनी धरून मी खिडकीशी नेली. कडेने चांदी वर येऊन आरशासारखी निळसर झळाळी धरलेली. उजेडासमोर आजीचा चेहरा काळा, केस पांढरे, कपाळ काळं. कुंकवाच्या जागी प्लेटेला काहीच दिसलं नव्हतं, म्हणजे तिथे नुसती कोरी काच हवी. पण तिथे करडा ठिपका होता. मी प्लेट तिरकी केली. जिलेटिनच्या बाजूला, बरोबर कपाळावर, शिसपेन्सिलीचे केसाएवढे बारीक वळसे चमकले, एकात एक. त्यातला एक कुंकवाच्या बाहेर गेलेला.