धाब्यापासून स्लॅबपर्यंत : आपल्या घराच्या गळतीचा इतिहास

पावसाळ्यात कोणत्याही गावातल्या बचत गटाची बैठक असो, हप्त्याच्या आधी एक विषय निघतोच : "घर गळतंय." कुणाचं धाबं, कुणाचे पत्रे, आणि आता तर नव्या स्लॅबचं घरसुद्धा. आम्ही गटांच्या समन्वयक गावोगाव फिरतो, तेव्हा कर्जाच्या अर्जावर 'घरदुरुस्ती' हे कारण पुन्हा पुन्हा येतं. म्हणून आज आपण आपल्या डोक्यावरच्या छपराचा इतिहास बघू. छप्पर बदलत गेलं तशी गळतीही बदलत गेली, आणि गळती शोधण्याची रीतही.

आपला बुलढाणा जिल्हा दोन भागांचा. घाटावर चिखली, मेहकर, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा; घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर. जुनी वस्ती बघितली तर ठिकठिकाणी मातीच्या धाब्याची घरं दिसतात. भिंतीवर लाकडी सरे, सऱ्यांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि पाला, आणि त्यावर मातीचा जाड थर.

पण कोणतीही माती चालत नसे. गावाची जमीन म्हणजे 'काळी आणि पांढरी' असं आपण म्हणतो. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की हात जाईल एवढी भेग पडते. ती धाब्यावर टाकली तर पहिल्याच उघडिपीत चिरा पडतील. पांढरी माती बारीक आणि खारवट. भिजली की दाबून बसते, फारशी तडकत नाही, आणि खारामुळे तिच्यावर गवतही कमी उगवतं. हे शास्त्र आपल्या आज्या-पणज्यांना पुस्तकातून नाही, हातातून ठाऊक होतं.

मृगाच्या आधी धाब्याचं काम निघायचं. गवत मुळासकट उपटायचं, उंदरांची बिळं आणि मुंग्यांची वारुळं खणून भरायची, नवी माती टाकून चोपायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या. माती वाहायची बाईनं, सारवायचं बाईनं. झड लागली आणि घरात थेंब पडला की थेंबाखाली भांडं ठेवायचं आणि कोणत्या कडीवरून पाणी आलं ते लक्षात ठेवायचं. उघडीप मिळाली की वर तिथेच बीळ सापडायचं. दरवर्षी छपरावर नजर फिरायची, म्हणून ही घरं पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

या रीतीत एक मोठा धोकाही लपलेला होता. जुनी माती न काढता दरवर्षी नवी टाकत गेलं की थर वाढतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसं गेली. तिथली घरं आपल्यासारखीच, मातीत रचलेल्या दगडी भिंतींची आणि धाब्याची. काही घरांवर मातीचा थर दोन फुटांच्याही वर होता. हिशेब करून बघा : दोन फूट माती म्हणजे एका चौरस फुटावर नव्वद किलोच्या आसपास वजन. दहा बाय दहाच्या खोलीवर नऊ टन, आणि माती भिजली की त्याहून जास्त.

किल्लारीनंतर एक गोष्ट घडली, ती प्रत्येक बचत गटाला माहीत असायला हवी. पडलेली गावं नव्यानं बांधली गेली, पण शेकडो गावांत घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं होतं. त्या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावातल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभं केलं. धाब्यावरची जास्तीची माती उतरवा, दगडी भिंतीत आरपार जोडदगड घाला, हे त्या घरोघरी सांगत. अनुदानाचा पैसा कुठे लागतो ते बघत, गवंड्याला प्रश्न विचारत. बचत गट पैसे जमवण्यापुरते नसतात, घराच्या कामावर देखरेखही करू शकतात, हे मराठवाड्यातल्या त्या बायकांनी दाखवून दिलं.

धाब्यानंतर कवेलू आणि पत्रे. हातानं थापलेलं गावठी कवेलू जुनंच. यंत्रावर दाबलेलं चपटं मंगलोरी कवेलू आलं ते १८६५ मध्ये मंगळुरूला बासेल मिशननं कारखाना काढल्यावर. कवेलूचं घर गळतं ते मांजर-माकडाच्या धावण्यानं, नाहीतर वाऱ्यानं कवेलू सरकल्यामुळे. दिवसा घरात अंधार करून वर बघा. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल, तिथून पाणी येणार. दरवर्षी कवेलू फेरायचे ते याचसाठी.

नालीदार पत्र्याचं पेटंट लंडनमध्ये १८२९ साली हेन्री पामर यांनी घेतलं, आणि त्यावर जस्त चढवायची रीत १८३७ मध्ये फ्रान्समध्ये निघाली. आपल्या भागात १८६७ पर्यंत नागपूरला जाणारी रेल्वे झाली, १८७० मध्ये जलंब-खामगाव फाटा सुरू झाला. कापूस बाहेर गेला, तसा लांबचा जड माल आत येणं सोपं झालं. पत्रा हलका, धाब्यासारखी दरवर्षीची माती नको. पण तो गळतो खिळ्याच्या भोकातून. खिळा नालीच्या खोलगट भागात ठोकला तर वाहतं पाणी थेट भोकात जातं. तो नेहमी उंचवट्यावर, रबरी वायसर घालून ठोकावा. दोन पत्र्यांचा जोड वाऱ्याच्या तोंडाला उघडा पडू नये.

मग आला स्लॅब. इंदिरा आवास योजना १९८५-८६ ला सुरू झाली, २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण आली. घराच्या कागदावर बाईचं नाव लागू लागलं, ही मोठी गोष्ट. पण स्लॅबसोबत एक समज पण घरात शिरला : आता वर बघायला नको. मृगाच्या आधी धाब्यावर चढणारी माणसं स्लॅबवर फक्त पापड आणि मिरच्या वाळवायला जाऊ लागली.

घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. एका दिवसात १०० मिलीमीटर पाऊस पडला तर एवढ्या छपरावर अडीच हजार लिटर पाणी येतं. पन्हाळीत पालापाचोळा अडकला तर ते पाणी साचतं आणि बारीक भेगेतून मुरत जातं. आत ओल दिसते त्याच्या बरोबर वर भेग असेलच असं नाही. पाणी स्लॅबच्या आतून सरकत दुसरीकडे ठिबकतं. म्हणून नुसता आतून गिलावा करून पैसे घालवू नका. स्लॅब कोरडा झाल्यावर एका भागाभोवती चिखलाची छोटी पाळ करा, दोन बोटं पाणी भरून एक दिवस ठेवा. खाली ओल आली तर जागा सापडली, नाही आली तर पुढचा भाग. बहुतेक वेळा दोष कठडा आणि स्लॅबच्या सांध्यात, पाइपाभोवती किंवा उलट्या उतारात असतो. भेग थोडी रुंद खोदून, धूळ काढून, ओली करून जलरोधक मिसळलेल्या सिमेंट-वाळूनं भरा, आणि काही दिवस ती जागा ओली ठेवा. सांध्यात सिमेंटचा गोलसर उतार काढा.

घाटाखालच्या मैत्रिणींसाठी आणखी एक. खारपाणपट्ट्यातलं पाणी बांधकामात वापरलं तर त्यातल्या क्षारानं आतलं लोखंड गंजतं, फुगतं आणि स्लॅबचे पोपडे सुटतात. म्हणून काँक्रीट आणि स्लॅबवर मारायचं पाणी गोडंच हवं, त्यासाठी टँकर सांगावा लागला तरी. गंजलेली सळई दिसू लागली तर गिलाव्यानं झाकू नका, अभियंत्याला दाखवा.

२२ जुलै २०२३ ला जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत काय पाऊस झाला, ते आपण विसरलो नाही. असा पाऊस पडून गेला की आधी जीव, मग घर. भिंत ओली असेल तर मेन स्विच बंद. मातीची भिंत पोटाळली किंवा सरा वाकला, तर आधी माणसं बाहेर काढा. ओल्या धाब्यावर कुणी चढायचं नाही. नुकसान झालं असेल तर दुरुस्तीला हात लावण्याआधी फोटो काढा आणि तलाठ्याला कळवून पंचनामा करून घ्या.

आणि गटासाठी एक काम. रोहिणी लागायच्या आधीच्या बैठकीत प्रत्येक सदस्येच्या घराची चौकशी करा : छप्पर कशाचं, मागच्या वर्षी कुठे गळलं, काय केलं, किती खर्च आला. वहीत लिहा. चार घरांना गवंडी लागणार असेल तर एकत्र बोलवा, सिमेंट एकत्र आणा, मजुरी कमी पडेल. एकटी राहणारी म्हातारी असेल तर तिचं घर आधी घ्या. अंतर्गत कर्ज जून उजाडायच्या आत द्या. झड लागल्यावर दिलेल्या पैशाचा ताडपत्रीपलीकडे उपयोग होत नाही.

येत्या बैठकीत हा विषय घ्या, आणि वहीत काय निघालं ते आम्हाला कळवा.