आवाज फाटतो कोठे?

मध्यम लहरींवर दूरचे केंद्र ज्यांनी ऐकले आहे त्यांना ही गोष्ट ठाऊक असेल. दिवसा वक्ता कसा स्वच्छ बोलतो. रात्र चढली की तोच आवाज मधूनच फाटतो, घोगरा होतो, अन् मिनिटभरात आपोआप ताळ्यावर येतो. श्रोता म्हणणार, केंद्रावर काहीतरी बिघडले. इंजिनियर म्हणणार, छे, आमचे यंत्र ठीक आहे. खरे कोणाचे?

केंद्रातून एक वाहक लहर अखंड निघते. बोलण्याच्या चढउताराप्रमाणे तिची उंची कमीजास्त करतात, तेच मॉड्युलेशन. ते शंभर टक्क्यांपलीकडे गेले की लहर मध्येच तुटते आणि आवाज फाटतो. ब्राऊन यांच्या १८९७ च्या किरणनलिकेपासून लहरीचा आकार पडद्यावर पाहता येऊ लागला. वाहक लहरीच्या दोन्ही अंगांना आवाजाचे पट्टे चालतात, हे पुढे कार्सन यांनी गणिताने मांडले. आजचा सिग्नल ॲनलायझर या तिघांना पडद्यावर वेगवेगळे उभे करतो.

आता आपल्याकडे या. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. तेथून यवतमाळ रस्त्याने सुमारे १५० किलोमीटर. दिवसा लहर जमिनीलगत येते. रात्री तीच लहर आकाशातल्या थरावरूनही परतते. हा थर ॲपलटन यांनी १९२४ साली प्रयोगाने सिद्ध केला. दोन वाटांनी आलेल्या लहरी कधी एकमेकींना साथ देतात, कधी मारतात. अंगचे पट्टे शाबूत राहून नेमकी मधली वाहक लहरच बुडाली, तर रेडिओची फसगत होते; त्याच्या लेखी मॉड्युलेशन शंभरापलीकडे गेलेले असते! म्हणजे श्रोत्याचा कान खोटा नव्हे, आणि इंजिनियरही नव्हे.

मग निवाडा कसा करावा? एक खूण फार उपयोगी. केंद्रावर खरेच अति मॉड्युलेशन झाले, तर नव्या लहरी उपजतात आणि शेजारच्या केंद्रांवर शिंतोडे उडतात. वाटेतला दोष असले काही नवे निर्माण करीत नाही. म्हणून मापन दोन्ही टोकांना हवे. केंद्रापाशी मधली रेघ स्थिर आणि यवतमाळला ती खालीवर होत असेल, तर प्रक्षेपक उघडण्याची यातायात कशाला?

आर्मस्ट्राँग यांनी १९३३ साली एफ. एम.चे पेटंट मिळविले. आपल्या देशात ते मद्रासला १९७७ साली आले, आणि कालांतराने यवतमाळलाही आकाशवाणीचे एफ. एम. केंद्र झाले. त्या लहरी सहसा आकाशातून परतत नाहीत. तेथे आवाज चरचरला, तर टेकडीवरून उलटलेली लहर तपासावी लागते.