थांबवायचं कुणी? 17 ऑगस्ट 2009 चा घटनाक्रम

बंगळुरूत यशवंतपूरहून तुमकूर रस्त्याने पुढे गेलं की पीण्या ही कारखान्यांची वसाहत लागते. तिथे हल्ली साध्या कॉम्प्रेसरलाही सेन्सर बसतो आणि कंपनांचा आलेख मालकाच्या मोबाइलवर येतो. तो सेन्सर विकणाऱ्याने आणि विकत घेणाऱ्यानेही सायबेरियातल्या सायानो-शुशेन्स्काया जलविद्युत केंद्रातली ही रात्र नीट समजून घ्यावी.

एप्रिल ते ऑगस्ट
येनिसेई नदीवरचं हे केंद्र 6,400 मेगावॅटचं. प्रत्येकी 640 मेगावॅटची दहा युनिटं. त्यातलं दोन नंबरचं 1979 सालचं. वर्षाच्या सुरुवातीला त्याची दुरुस्ती झाली होती. तरीही एप्रिलपासून टर्बाईनच्या बेअरिंगची कंपनं वाढत जाऊन जवळपास चौपट झाली.

16 ऑगस्ट, रात्री साडेआठच्या सुमारास
दूरच्या ब्रात्स्क केंद्रात आग लागली. तिथला संपर्क तुटला आणि ग्रिड सांभाळायचं काम सायानोवर आलं.

रात्री 11:14
दोन नंबरचं युनिट पुढे केलं गेलं. मागणीप्रमाणे भार कमी-जास्त करायचा तो आधी त्यानेच. अशा टर्बाईनला भाराचा एक मधला टप्पा सोसत नाही; तिथे पाणी भोवऱ्यासारखं फिरून यंत्राला हादरे देतं. तो टप्पा झटकन ओलांडायचा असतो. त्या रात्री युनिट त्यातून पुन्हा पुन्हा गेलं.

मध्यरात्र ते पहाट
तपास अहवालानुसार बेअरिंगपाशी 160 मायक्रॉनपर्यंत हालचाल चालण्यासारखी होती. सुरुवातीलाच ती 600 होती. कंपनं सतत मोजणारी यंत्रणा बसवलेली होती, पण ती रीतसर कामाला लावलेली नव्हती आणि पाळीवरचे लोक तिचे आकडे धरत नव्हते. टर्बाईनचं झाकण 80 बोल्टांनी आवळलेलं होतं. नंतर त्यातले 49 तपासले, तर 41 बोल्टांना थकव्याच्या भेगा होत्या. आठ बोल्टांचा नव्वद टक्क्यांहून अधिक छेद आधीच खाल्लेला होता.

सकाळी 8:13
आकडा 840 वर. भार उतरवत असतानाच बोल्ट तुटले. 212 मीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाने झाकणासकट शेकडो टनांचा रोटर वर उडाला आणि पाणी यंत्रदालनात घुसलं. वीज गेली, त्यामुळे पाणी अडवणारे दरवाजे आपोआप पडले नाहीत.

9:20
कर्मचाऱ्यांनी धरणावर चढून दरवाजे हातांनी पाडले, तेव्हा कुठे पाणी थांबलं. तोवर 75 माणसं गेली होती.

नऊ तास हातात होते. ते 75 जण परत येणार नाहीत, पण त्यांच्या मरणातून शिकणं आपल्याला बंधनकारक आहे. हा बिघाड आधी कळण्यासारखा होता. त्यासाठी कुठलं नवं गणित लागत नव्हतं. कमी होती ती आकड्याला अधिकार देणाऱ्या व्यवस्थेची. पाळीवरच्या माणसाला मशीन बंद केल्याचा जाब द्यावा लागतो, चालू ठेवल्याचा नाही. म्हणून तो वाट बघतो.

तेव्हा सेन्सरची ऑर्डर देण्याआधी एका कागदावर लिहा: किती मायक्रॉनला मशीन बंद होणार, कुणाला न विचारता ते कोण बंद करणार, आणि इशारा खोटा निघाला तरी त्या माणसाला कुणी बोल लावणार नाही. खाली मालकाने सही करावी.