दोना पावलाचा मेळावा

मंडळी, हायवे ६६ आमच्या पनवेलला सुरू होतो आणि पनवेलकर तो धरून गोव्याला जातात ते बीचसाठी. मला मात्र गोवा म्हटलं की दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आठवते.

१९५९ ते १९६५ मध्ये अनेक देशांच्या जहाजांनी हिंदी महासागर पिंजून काढला. आपली 'आयएनएस किस्तना'ही त्यात होती. त्या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ ला ही संस्था जन्मली. २०१५ मध्ये ३० नोव्हेंबरपासून तिथे देशोदेशीचे समुद्रशास्त्रज्ञ जमले आणि ४ डिसेंबरला दुसरी मोहीम सुरू झाली.

नुसत्या भाषणांसाठी एवढी माणसं कशाला जमवायची? तर अरबी समुद्रात साधारण दीडशे ते हजार मीटर खोलीवर प्राणवायू जवळजवळ नसतोच. तो पन्नास वर्षांत आणखी घटला का, हे सांगायचं तर जुने आकडे ताडून बघायला हवेत. पण बाटलीत हवेचा एक बुडबुडा शिरला तरी एवढा कमी आकडा बदलतो! म्हणून कोणी, कसं मोजलं हे समोरासमोर बसून विचारावं लागतं.

आणि हे सगळं आपल्या दाराशी आहे बरं का. पावसाळ्यात कमी प्राणवायूचं पाणी पश्चिम किनाऱ्याच्या उथळ तळावर चढतं. १९९९ मध्ये तिथे सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाईड सापडला. शिवाय नायट्रस ऑक्साईड, म्हणजे कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे २७० पट तापवणारा वायू. नक्वी आणि सहकाऱ्यांनी हे २००० साली 'नेचर'मध्ये मांडलं.

समुद्र आणि हवेच्या देवाणघेवाणीवरची 'सोलास' परिषद २०२४ च्या नोव्हेंबरात गोव्यातच भरली. जागा बरोब्बर निवडली म्हणायची.