डिझेलचा काटा खोटं का बोलतो?

मंडळी, भात वाहतुकीचे दिवस आहेत, म्हणून आज शेताऐवजी ट्रकची नोंद.

गाडीला पूर्वी काटाच नसायचा. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीची टाकी पुढच्या सीटखाली. सीट उचलायची, लाकडी पट्टी बुडवायची, ओल कुठवर आली ते बघायचं. त्यानंतरच्या मॉडेल एमध्ये टाकी डॅशबोर्डच्या मागेच होती, त्यामुळे फ्लोट थेट आकडा फिरवायचा. वायरच नाही, मग वायरिंगचा फॉल्ट कसला!

ट्रकची टाकी मात्र चेसिसला बाजूने टांगलेली, ड्रायव्हरपासून लांब. तिथला निरोप केबिनमध्ये आणायला वीज लागली. फ्लोट वरखाली झाला की रेझिस्टन्स बदलतो, करंट कमी-जास्त होतो आणि काटा हलतो. टेल्कोने १९५४ साली डायम्लर-बेंझच्या साथीने जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले, १९८६ साली ४०७ आली, तोवर ही पद्धत जगभर रुळलेली होती.

जुन्या गाड्यांत मीटर दोन जातींचे. चावी फिरवल्यावर काटा सावकाश चढतो तो गरम होणाऱ्या पट्टीचा. त्याला ठरावीक व्होल्टेज देणारा स्टॅबिलायझर असतो. डिझेलचा आणि पाण्याच्या तापमानाचा असे दोन्ही काटे एकदम चुकायला लागले तर टाकी उघडू नका, आधी स्टॅबिलायझर बघा. काटा पटकन उठतो तो दोन कॉइलचा. बॅटरी थोडी कमी-जास्त असली तरी त्याला फारसा फरक पडत नाही.

आता तपासणी. चावी ऑन करून फ्लोटची वायर काढा, काटा एका टोकाला जायला हवा. तीच वायर क्षणभर बॉडीला टेकवा, तो दुसऱ्या टोकाला गेला पाहिजे. कुठलं टोक कधी, हे मॉडेलवर आहे. दोन्हीकडे गेला म्हणजे मीटर आणि वायर ठीक. दोष फ्लोटमध्ये किंवा टाकीच्या अर्थिंगमध्ये. ठिणगी उडते, तेव्हा हे टाकीच्या तोंडापासून लांबच्या जोडावर करा.

आमच्या वरशात माझा पहिला संशय अर्थिंगवरच असतो. चार महिने कोकणचा पाऊस, वर चिखल. टाकीचा पट्टा आणि बोल्ट गंजतात, अर्थ तुटते, पण वरून काही दिसत नाही. बरेच जण थेट नवीन मीटर आणतात, ते मला पटत नाही. आधी चेसिस घासून फ्लोटच्या बुडापासून एक वेगळी अर्थची वायर ओढावी. खर्च चहापाण्याएवढा.

याकडे दुर्लक्ष केलं तर कोलाड रस्त्यावर भरल्या पोत्यांसकट गाडी उभी राहते. नुसतं डिझेल ओतून भागत नाही, लाईनीत हवा शिरलेली असते. हातपंप मारून ती काढेपर्यंत गिरणीवरचा नंबर गेलेला असतो.

नव्या गाड्यांत हा निरोप कंप्युटरमार्फत जातो. तिथे वायर बॉडीला टेकवायचा प्रयोग करू नका, स्कॅनरवाल्याकडेच न्या.