एका कांद्याची गोष्ट : रानातून औषधाच्या गोळीपर्यंत



घरातले म्हातारे माणूस जेवण झाले तरी "मला अजून वाढले नाही" म्हणते, नातवाचे नाव विसरते. आपण "म्हातारचळ लागला" म्हणून सोडून देतो. माझे आजोबा शेवटी स्वतःच्याच मळ्याची वाट विचारू लागले, तेव्हा आम्हीही तेच म्हटले. पण हा आजार असू शकतो. अशा आजारांत अल्झायमर मुख्य. त्यावरचे गॅलँटामिन हे औषध एका कांद्यातून निघाले. त्याचा इतिहास आपल्या कामाचा आहे.

थंड मुलखात बर्फ वितळताना स्नोड्रॉप नावाचे पांढरे फूल उगवते. त्याच्या गड्ड्यातील गॅलँटामिन या अल्कलॉइडचे गुण सोव्हिएत संशोधकांनी १९५१ साली प्रसिद्ध केले. त्याच दशकात बल्गेरियात दिमितर पास्कोव्ह यांनी 'निवालिन' हे औषध तयार केले. आधी ते पोलिओनंतरच्या अशक्तपणावर आणि मज्जातंतूंच्या विकारांवर देत. पुष्कळ चाचण्यांनंतर अल्झायमरसाठी त्याला २००० साली स्वीडनमध्ये व २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. म्हणजे गुण प्रसिद्ध झाल्यापासून अर्धे शतक गेले!

ते काम कसे करते? मेंदूत निरोप पोचवणारे एक द्रव्य असते. पाटाचे पाणी वाटेत मुरते, तसे हे द्रव्य वाटेतच मोडले जाते. औषध ही मोड कमी करते, म्हणून थोडे पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचते. पण विहीरच आटत चालली असेल, तर गळती बुजवून किती दिवस भागणार? म्हणून या औषधाने काहींना काही काळ आराम पडतो. आजार मुळातून जात नाही.

आता मालाचे पाहा. स्नोड्रॉप लहान, त्यात द्रव्य थोडे. म्हणून बल्गेरियात त्याच्याच भावकीतली, दलदलीत वाढणारी मोठी वनस्पती कापू लागले. रानातला साठा घटला, तेव्हा सरकारला कापणीवर मर्यादा घालावी लागली. पुढे १९९० च्या दशकात ऑस्ट्रियात हेच द्रव्य कारखान्यात बनवण्याची रीत बसवली गेली. ब्रिटनमध्ये वेल्सच्या डोंगराळ कुरणांवर मेंढपाळ शेतकऱ्यांनी याच द्रव्यासाठी डॅफोडिल लावून पाहिले. म्हणजे शेतातल्या मालाला कारखान्याच्या मालाशी भावात टक्कर द्यावी लागते.

ध्यानात ठेवा :

१) आपला कांदा-लसूण याच कुळातला, पण त्यात हे द्रव्य नाही. बागेतल्या लिलीचे, डॅफोडिलचे गड्डे मात्र विषारी. औषध म्हणून उगाळून देऊ नका. उलट्या होऊन जिवावर बेतेल. गोळीची मात्रा दिवसाला ८ ते २४ मिलिग्रॅम, म्हणजे गव्हाच्या एका दाण्याहूनही कमी. ती डॉक्टरांनीच ठरवावी.

२) कोणी औषधी पिकाचे बेणे महाग विकू लागला, तर आधी विचारा : माल घेणार कोण, तपासणार कोण, भाव लेखी देणार का? उत्तर नसेल तर बेणे घेऊ नका.

३) घरातले वडीलधारे वरचेवर विसरू लागले, तर हसू नका, रागावू नका. दवाखान्यात न्या. कधी थायरॉईडच्या किंवा ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही असे होते आणि ते उपचाराने सुधारू शकते.

आजोबांना आम्ही नेले नाही. तुम्ही न्या.