दूध मुंबईला, गवतही मुंबईला

तीन वर्षांपूर्वीच्या रमजानमध्ये माझं पोट मला मशिदीत रोज लाज आणायला लागलं. इफ्तारला खजूर, फळं आणि रूह अफजा घातलेलं मोठा ग्लासभर थंड दूध, हा आमच्या घरचा वर्षानुवर्षांचा रिवाज. तरावीहला उभा राहिलो की चौथ्या-पाचव्या रकातीपासून पोटात गुरगुर सुरू, आणि शेजारचा ऐकतोय की काय ही धास्ती. एका डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटी ठरवली, गोळ्या दिल्या आणि वर रोज रात्री थंड दूध प्यायला सांगितलं. मी ते इमानाने प्यालो. पुढे दुसऱ्या एका डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पंधरा दिवस दूध बंद करून बघा." आठव्या दिवशी पोट गप्प झालं.

तेव्हा मला लहानपणची एक गोष्ट आठवली, आणि ती आठवून बरं वाटलं नाही.

शहापूर तालुक्यात आमच्या आजोबांचं घर होतं. गोठ्यात चार-पाच म्हशी. कामाला एक कातकरी कुटुंब यायचं, त्यांची दहा-बारा वर्षांची मुलगी शेण काढायची. एका ईदला दादीने तिला वाडगाभर शीरखुर्मा आणि वर तांब्याभर दूध दिलं. दुसऱ्या दिवशी मुलगी आली नाही. रात्रभर पोट धरून बसली होती, असं तिची आई सांगून गेली. दादी वाईट बाई नव्हती, तिने प्रेमाने दिलं होतं. पण त्यावर ती जे बोलली ते आमच्या घरात म्हणीसारखं रुजलं: "कातकऱ्याला दूध पचत नाय." पुढे कोणाला काही चांगलं मिळालं आणि त्याला ते सांभाळता आलं नाही, की आम्ही मुलं हेच वाक्य फेकायचो. हसायचो.

आता ज्याला पचत नाही तो मीच.

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती फोडायला आतड्यात लॅक्टेज नावाचं पाचक द्रव्य लागतं. तान्ह्या बाळाजवळ ते भरपूर असतं आणि वय वाढेल तसं बहुतेकांत कमी होत जातं. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू तिच्यावर ताव मारतात, आणि मग गॅस, कळा, जुलाब. जगातल्या प्रौढांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांचं कमी-अधिक हेच आहे. म्हणजे हा आजार नाही. मोठेपणी दूध पचणं हाच अपवाद. ज्या समाजांनी हजारो वर्षं गुरं पाळून दूध खाल्लं त्यांच्यात हा अपवाद पसरला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात भारतभरच्या लोकांचे नमुने तपासले गेले. युरोपात दूध पचवणारा जो जनुकीय बदल सापडतो तोच आपल्याकडेही निघाला. वायव्येला जास्त, दक्षिणेला आणि पूर्वेला कमी कमी होत गेलेला, आणि पशुपालक समाजांत ठळक. अरबस्तानात उंटाचं दूध पिणाऱ्यांत मात्र वेगळाच बदल आहे. आमच्या चाचांना आपण अरब व्यापाऱ्यांचे वंशज असल्याचा भारी अभिमान. मी त्यांना म्हटलं, "चाचा, पोटाने तर साक्ष दिली नाही." दोन दिवस बोलले नाहीत. (यातून वंशावळ सिद्ध होत नाही, हे त्यांना नंतर सांगितलं.)

पण मुख्य प्रश्न वेगळा आहे. शहापूर-मुरबाडच्या डोंगरात दूध पिणारे होते तरी कोण?

या भागाचं मूळचं गुरू म्हणजे डांगी. धो धो पावसात, चिखलात भातखाचरं नांगरायला डांगी बैलासारखा बैल नाही. गाय मात्र दिवसाला दोन लिटरच्या आसपास दूध देणार, त्यातलं वासराला सोडायचं. खांबलिंगेश्वराचं म्हसा गाव मुरबाड तालुक्यात आहे. पौष पौर्णिमेला तिथे जत्रा भरते आणि गुरांचा मोठा बाजार लागतो. बाबा मला तिथे न्यायचे. लोक बैलाचे दात बघायचे, खूर बघायचे, खांदा चाचपायचे, आणि परतताना घोंगडी घ्यायचे. बाजार दुधाचा नव्हता, नांगराचा होता. ठाकूर, कातकरी, वारली यांच्या रोजच्या खाण्यात नाचणीची भाकर, भात, रानभाजी, खेकडे, नदीतले मासे, सुकट. चहा कोरा.

दूध होतं ते आमच्यासारख्यांच्या गोठ्यात, आणि तेही प्यायला कमी, विकायला जास्त. रेल्वे १८६१ साली कसाऱ्यापर्यंत पोचली. पुढे शहापूरचं दूध आसनगावला गाडीत चढवून कल्याणला आणि तिथून खाली न्यायची सोय झाली. मुरबाडला आजही रेल्वे नाही, तिथलं दूध रस्त्याने कल्याणला यायचं. कल्याणच्या दूधनाक्याचं नाव अजून तेच आहे. आजोबा पहाटे तीनला उठून किटल्या भरायचे आणि घरातल्या मुलांना उरलं तर ताक मिळायचं. ते ताक आमच्या पोटांना मानवत होतं, कारण विरजणातले जिवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच खाऊन टाकतात. शीरखुर्म्याचं तसं नाही. दूध उकळून, आटवून लॅक्टोज जात नाही, उलट घट्ट होतं.

दुधाच्या आधीपासून गवत जायचं. मुंबईतल्या तबेल्यांत हजारो म्हशी उभ्या, त्यांना खायला ठाणे जिल्ह्यातल्या डोंगरांवरचं गवत. ते कापायचं आदिवासींनी. १९४५ साली डहाणू-उंबरगावच्या वारल्यांनी पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मजुरी मागितली आणि संप केला. त्याच ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात माणसं मेली. गोदावरी परुळेकरांच्या पुस्तकामुळे हा लढा मराठी वाचकाला माहीत आहे. त्या गवताचं पुढे दूध व्हायचं, हे मात्र आपण क्वचित जोडून बघतो.

मुंबईला तेव्हा दुधाची तहान लागली होती आणि सरकारने ती मनावर घेतली होती. दारा खुरोडी हे त्यातलं मोठं नाव. म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि स्किम पावडर मिसळून टोन्ड दूध काढायची युक्ती त्यांनी १९४६ साली मुंबईत अमलात आणली. १९४९ साली गोरेगावला आरे वसाहत उभी राहिली, शहरातल्या म्हशी तिथे हलल्या, १९५१ साली नेहरूंनी उद्घाटन केलं. १९६३ साली खुरोडींना कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कामगाराच्या पोराला स्वस्त, स्वच्छ दूध मिळालं, हे मोठंच काम होतं. कच्च्या दुधातून क्षय आणि ब्रुसेलोसिस पसरतो, तो धोका पाश्चरायझेशनने टाळला. मी त्याला नावं ठेवणार नाही. पण याच काळात दूध म्हणजे आरोग्य, दूध नाही म्हणजे मागासपण, हे समीकरण शाळेच्या पुस्तकापासून दवाखान्याच्या भिंतीपर्यंत चिकटलं. दादीच्या तोंडी ते तिथूनच आलं असावं.

कुपोषणाची चर्चा निघाली की अजूनही कोणीतरी म्हणतं, पाड्यावर दूध पोचवा. लहान मुलांना बहुतेक वेळा दूध पचतं, हे खरं. दुधात प्रथिनं आहेत, कॅल्शियम आहे. पण लोह जवळपास नाही, आणि तिथल्या बाया-मुलांचं मोठं दुखणं रक्त कमी असण्याचं आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला गाई-म्हशीच्या दुधावर ठेवलं तर रक्त आणखी घटतं. कॅल्शियमच हवं तर शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात असतं, शंभर ग्रॅम म्हशीच्या दुधात सव्वाशेच्या आसपास. नाचणीतलं सगळंच अंगी लागत नाही, तरी ती गरिबाची भाकर आहे. २०१५ साली राज्य सरकारने आदिवासी भागात अब्दुल कलामांच्या नावाने अमृत आहार योजना आणली. तिच्यात गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण आणि लहान मुलांना अंडी किंवा केळी आहेत. कोणीतरी विचार करून ठरवलं असावं.

सूरह नहलमध्ये जनावरांच्या पोटातून येणाऱ्या शुद्ध दुधाचा उल्लेख आहे आणि तीन आयतींनंतर मधाचा. शिफा हा शब्द तिथे मधासाठी आला आहे. दूध ही नेमत म्हणून सांगितली आहे, औषध म्हणून नाही. इतकी वर्षं वाचूनही हा फरक माझ्या नजरेत भरला नव्हता.

गेल्या पावसाळ्यात आसनगाव स्टेशनाबाहेर टाकळा आणि कुर्डू विकत बसलेल्या बायांमध्ये मला ती दिसली. तीच शेण काढणारी मुलगी, आता आजी. तिनेच ओळखलं. मी भाजी घेतली, तिथेच उकिडवा बसलो आणि हिय्या करून ती ईदची गोष्ट काढली. तिला नीट आठवत होती. मलाही दूध पचत नाही, असं सांगितल्यावर ती तोंडाला पदर लावून इतकी हसली की शेजारच्या बाया बघायला लागल्या.

"आता पितेस का?" मी विचारलं.

"मी कोरा चाय पिते. नातू पितो दूध."

"कोणाच्या गोठ्यातलं?"

"गोठं कुठं राह्यलं? दुकानातून पिशवी आनतो."

पिशवी मुंबईकडच्या टेम्पोतून येते.